हजेरीपटावरची भरती

तिसऱ्या खेपेला मात्र सगळे घरी सापडले, आणि चंद्रकांताने त्याचं सगळं श्रेय आपल्या रागावण्याला देऊन टाकलं. महिन्याभरात दोन रविवार तिने निरोप धाडला होता, की महत्त्वाचं बोलायचं आहे, घरीच थांबा. दोन्ही वेळा ती पालघरहून सातपाटीची बस, पुढे खाडीतली होडी, पुढे वहाणा हातात घेऊन चिखल तुडवणं, असा सगळा प्रवास करून मुरब्याला पोचली, तर दाराला कडी. बाबा समुद्रात. काशीआते किनाऱ्यावर, कोपरापर्यंत बोंबलांत. बोईसरहून मुद्दाम आलेला वामनदादा एकटाच ओट्यावर माश्या मारत बसलेला. शेवटी तिने एक पोस्टकार्ड टाकलं, चार ओळींचं, ज्या आवाजाने तिचा नववीचा वर्ग खडू पडलेला ऐकू यावा इतका गप्प होतो, त्याच आवाजातलं. आणि आज बघा. अंगणात फाटकं डोल जाळं पसरलेलं, त्याच्या एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काशीआते, मध्ये वामनदादाची बायको नर्मदावहिनी, तिघांच्या हातांत जाळं विणायच्या सुया, आणि कुणालाही कुठेही जायची घाई नाही.

"बाईंचं कार्ड आलं म्हंजे हजर राहायलाच हवं," काशीआते म्हणाली. "नायतर अंगठे धरून उभं करतील."

चंद्रकांता नुसती हसली. आज तिला आतेचे टोमणेसुद्धा गोड लागत होते, कारण उद्याच्या टपालाने कागद जायचे होते आणि ते गेले की ती लंडनला जायची होती.

बातमी घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण कळली होती प्रत्येकाला आपापल्या मापाने. तिथल्या विद्यापीठात वर्षभराचा अभ्यास होता, पदवीनंतरचा. आशिया-आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र झालेल्या देशांमधले शिक्षक तिथे जमायचे आणि आपल्याकडच्या शाळा कशा चालतात, पोरं शाळा का सोडतात, देश पुढे न्यायचा तर शिक्षणाचं काय करावं, हे एकमेकांकडून शिकायचे. शिष्यवृत्ती जवळजवळ मिळालेलीच होती. दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, आपल्या भागातल्या एका शाळेची पाहणी करून लिहिलेला निबंध. दुसरी, परत येऊन तीन वर्षं इथेच शिकवीन अशी हमी, आणि तिच्याखाली वडिलांची सही. त्या हमीपत्रात एक ओळ अशी होती, की सोबतचे सर्व कागद मी ऐकले असून त्यातील मजकूर मला मान्य आहे. चंद्रकांताला ही ओळ उगाच भरीला घातल्यासारखी वाटली होती. बाबांना, म्हणजे कमलाकांतांना, तशी वाटली नाही.

"मग ऐकव," ते म्हणाले होते. "ऐकलं म्हणून लिवलंय, तर ऐकतो."

निबंध इंग्रजीत होता, म्हणून वाचायला वामनदादा. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर तो भांडारात कारकून होता, अमेरिकन साहेबांना नटबोल्ट मोजून द्यायचा, आणि निबंध त्यानेच तिथल्या यंत्रावर टाईप करून आणला होता. त्यामुळे निबंधावर आपलाही अर्धा हक्क आहे असा त्याचा चेहरा होता. तो खुर्ची घेऊन बसला, बाकीचे जमिनीवर असताना, आणि एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी करू लागला. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "ओके" म्हणायचा. नर्मदावहिनी दर "ओके"ला सुई थांबवून सासऱ्यांकडे बघायची, की हे निबंधातलं आहे की यांचं.

"आपल्यासारख्या विकसनशील देशांत," वामनदादाने सुरुवात केली.

"म्हंजे?" काशीआते.

"म्हणजे जे अजून पुरते झालेले नाहीत, होतायत."

"अर्धे वाळलेले," आते म्हणाली आणि सुई पुढे चालवली. "वाच."

चंद्रकांताला वाटलं, हे लंडनला सांगायला हवं. पुढची दोन पानं झकास गेली. घाना आलं, सिलोन आलं. सिलोनचे लोक सुकट खातात की नाही यावर थोडा वेळ गेला. मग मुरब्याची शाळा आली, आणि काशीआतेला भलतीच गंमत वाटली. आपल्या गावातली पोरं शाळेत का येत नाहीत हे समजून घ्यायला ही विलायतेला निघाली, तर वाटेत आपलंच घर लागतं, तिथे विचारायचं राहिलं कसं, असं तिने विचारलं. चंद्रकांताने तिला समजावलं, की असं नुसतं विचारून चालत नाही आते, आकडे लागतात. तिने गुरुजींकडून हजेरीपट मागून आणले होते, रोजची हजेरी मोजली होती, वाराप्रमाणे ताळा घेतला होता. सोमवारी पोरं कमी, की बाजाराच्या दिवशी कमी, की शनिवारी सकाळची शाळा म्हणून कमी. कुठेच मेळ बसला नाही. एखाद्या मंगळवारी साठ पोरं, तर पुढच्या मंगळवारी अठरा.

"आणि मग काय काढलंस त्यातून?" बाबांनी विचारलं.

वामनदादाने पान उलटलं आणि साहेबी आवाजात सांगून टाकलं. "'हजेरीला कोणताही नियम नाही. मुले मनाला येईल तेव्हा येतात आणि मनाला येईल तेव्हा येत नाहीत. याचे कारण एकच. या गावातील पालकांना शिक्षणाची आस्था नाही.' ओके."

कमलाकांतांची सुई थांबली.

ते रागावले असते तर बरं झालं असतं, कारण रागावलेल्या बाबांना काय सांगायचं ते चंद्रकांताला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी सुईवरचा दोरा नीट गुंडाळला, सुई जाळ्यात खोचली आणि साधेपणाने विचारलं, "हे गाव म्हंजे कोण?"

"गाव म्हणजे गाव, बाबा. सगळं मिळून."

"त्यात आपलं घर येतंय ना?"

"तसं नाही म्हणायचं मला."

"मला मान्य हाय, अशी सही करायची ना मी?" ते म्हणाले. "माझ्या गावाला पोरांची पडलेली नाय, हे मला मान्य हाय. असं माझ्या हाताने लिवून लंडनला धाडायचं." त्यांनी मान हलवली. "तू जा पोरी. मी आडवा येत नाय. पण या कागदाखाली माझं नाव नको."

सहीशिवाय जाणं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. अंगणात एकदम माणसांची वाटणी झाली. नर्मदावहिनी आपला जाळ्याचा भाग ओढत हातभर सासऱ्यांकडे सरकली. वामनदादा, जो आत्तापर्यंत निबंधाचा अर्धा मालक होता, हळूच म्हणाला, की मी आपला नुसता टाईप केलाय. चंद्रकांताने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढचा "ओके" त्याच्या घशातच राहिला. उरली काशीआते. ती कुणाच्याच बाजूला सरकली नाही, कारण तिचं लक्षच तिथे नव्हतं. वामनदादाच्या मांडीवरून एक कागद घसरून जाळ्यावर पडला होता, तो तिने उचलला होता.

तो आलेख होता. बारीक चौकटींच्या कागदावर चंद्रकांताने शाळेच्या तीन महिन्यांची हजेरी काढली होती, एकेका दिवसाचा एकेक ठिपका आणि ठिपक्यांना जोडणारी निळी रेघ, वर जाणारी, खाली येणारी, परत वर.

"उलटा धरलायस आते," वामनदादा हसून म्हणाला. "आकडे खाली डोकं वर पाय झालेत."

"उलटा तूच धरलेलास," आते म्हणाली. तिने कागद लांब धरला, मग जवळ, आणि रेघेवरून तिचं बोट चालू लागलं. "हे उधाण. हा भांग, मंद पाणी. परत उधाण. परत भांग. हे बारकं उधाण, कार्तिकातलं. चांगलं काढलंस चंदू. पण समुद्राचं चित्र शाळेच्या कागदात कशाला घातलंस?"

चंद्रकांता हसायला गेली आणि तिचं हसू मध्येच अडकलं.

"आते," ती म्हणाली, "ती पोरांची हजेरी आहे."

"असेल," आते म्हणाली. "पोरंच हायत ना, मग दुसरं काय असणार?"

असं काही सिद्ध करायचं तर पुरावा लागतो, निदान शिक्षकांच्या बी.टी.च्या वर्गात तसं शिकवतात. चंद्रकांताने वही काढली. सगळ्यांत कमी हजेरीचे दिवस तिने वेगळे उतरवून ठेवले होते. आत भिंतीवर नव्या कॅलेंडरच्या मागे जुनं अजून लटकत होतं, ते तिने वामनदादाला काढून आणायला लावलं आणि त्याला दटावलं, की तू फक्त बघायचंस, सांगायचं काही नाही.

"एकोणतीस नोव्हेंबर," तिने वाचलं. "अठरा पोरं."

काशीआतेला नोव्हेंबर म्हणजे काय ते काही सांगता आलं नसतं. तिने विचारलं, की दिवाळीनंतर किती दिवसांनी. सतरा, असं कळल्यावर ती म्हणाली, "कार्तिकी पुनव झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. माल इतका लागला की टोपल्या कमी पडल्या. ठकीच्या पोरीने परकराच्या ओच्यात बोंबील वाहिले."

वामनदादाने कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

"तेरा डिसेंबर. एकवीस पोरं."

"त्याच्या पुढची अवस. आदल्या दिवशी अवस, तेव्हा होड्या भरून आलेल्या."

"अठ्ठावीस डिसेंबर."

"दत्तजयंतीची पुनव. अगं, त्याला काय इचारतेस? त्या दिवशी गावातलं मांजरसुद्धा मोकळं नव्हतं."

कमलाकांत आता बोलले, कुणाकडे न बघता, जाळ्याकडे बघत. पुनव-अवसेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, डोल जाळी तेव्हाच भरतात, आणि भरली की निवडायला, धुवायला, जोड्या लावून दांड्यांवर टांगायला घरातले सगळे हात लागतात, अगदी सात वर्षांचेसुद्धा. मासा थांबत नाही, उन्हात तासाभरात नासतो. मग भांग येतो, पाणी मंद होतं, जाळी घरी येतात, आणि पोरं शाळेत जातात. एकही घरी राहत नाही, त्यांनी सांगितलं. हाकलतो आम्ही. भांगाला पोरगं घरी दिसलं तर मी स्वतः कान धरून नेलंय, माझं असो की भिकाचं असो.

चंद्रकांताने वही चाळली. साठ, त्रेसष्ट, एकसष्ट. भरलेल्या दिवसांची यादी तिने कधी केलीच नव्हती. सोमवार ते शनिवार, सोमवार ते शनिवार, असं पालघरच्या शाळेत सात वर्षं घंटेवर जगल्यावर तिला वार तेवढे दिसले होते. डोल जाळ्याच्या घरात जन्मलेल्या मुलीने चंद्र सोडून सगळं मोजलं होतं.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट कळली, ती तिने कुणालाच सांगितली नाही. हातातल्या जुन्या कॅलेंडरवरून तिची नजर भिंतीवरच्या नव्याकडे गेली. ज्या दोन रविवारी दाराला कडी होती, ते दोन्ही उधाणाचे. आज भांग. पोस्टकार्डाचा काही संबंध नव्हता.

"एक राहिला," ती घाईघाईने म्हणाली. "वीस डिसेंबर. अकरा पोरं. सगळ्यांत कमी."

आतेने बोटं मोजली आणि पहिल्यांदाच अडली. तो तर भांग. भांगाला शाळा रिकामी कशी? कमलाकांतही विचारात पडले. वामनदादाला एकदम आनंद झाला, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाला पुन्हा काहीतरी बोलायला मिळालं. बघा, तो म्हणाला, म्हणजे चंदूचं अगदीच चूक नाही, थोडीफार अनास्था आहेच लोकांत, मी तर प्रकल्पावर रोज बघतो.

"वीस म्हंजे मंगळवार ना?" नर्मदावहिनीने सुईवरून नजर न काढता विचारलं. ती आत्तापर्यंत चार शब्दसुद्धा बोलली नव्हती.

"मंगळवार," चंद्रकांता म्हणाली.

"मंगळवारी मोठी क्रेन आलेली प्रकल्पावर," वहिनी म्हणाली. "माझ्या लक्षात हाय. यांचा पांढरा सदरा मी दोनदा धुतला. चाळीस-पन्नास पोरांचे हात लागलेले त्याला."

वामनदादाने कॅलेंडर डोळ्यांसमोर धरलं, अगदी जवळ, जणू त्यात बारीक अक्षरात काही सुटकेची सोय छापलेली असावी.

"क्रेन बघायला शाळेच्या दारातून ट्रकात भरली पोरं," वहिनी पुढे म्हणाली, तिच्या आवाजात कुठेही राग नव्हता. "तो हिंदी बोलणारा ड्रायव्हर नको नको म्हणत होता. हेच म्हणाले, ओके, ओके."

काशीआतेने पदर तोंडाला लावला. कमलाकांतांनी खाकरून पाहिलं, पण ते खाकरणं नव्हतं. "लिव गं," ते मुलीला म्हणाले, "या गावात एका पालकाला आस्था नाय. नाव लिव. वामन कमलाकांत."

"शैक्षणिक सहल होती ती," वामनदादा म्हणाला, आणि स्वतःच हसला. खुर्चीतून उठून तो खाली जाळ्यापाशी येऊन बसला. खिलाडू माणूस, हरला की चांगला हरायचा. पण बसता बसता त्याने निबंधाचं शेवटचं पान उचललं, आणि चंद्रकांताने ते ओढायला हात घातला तेव्हा त्याला कळलं, की यात काहीतरी आहे. त्याने ते डोक्यावर धरून वाचलं. "'प्रस्तुत लेखिकेची शाळेतील हजेरी मात्र सात वर्षांत एकदाही चुकली नाही, कारण तिच्या घरी शिक्षणाची आस्था होती.'"

"एका पानावर नाय, दुसऱ्या पानावर हाय," कमलाकांत म्हणाले.

चंद्रकांताचे कान तापले. तिला आठवलं, की हजेरी खरंच चुकली नव्हती. पुनवेला नाही, अवसेला नाही. वर्गात पाचसहाच मुलं असायची तेव्हाही ती पुढच्या बाकावर, आणि त्याबद्दल तिला दर वर्षी गुरुजींकडून शाबासकी मिळायची. मग उधाणाला तिच्या वाटणीचे हात कुणाचे होते?

ती विचारणारच होती. बाबांनी उत्तर आधी दिलं, बोलून नव्हे. त्यांनी फक्त बहिणीकडे पाहिलं.

काशीआते नवरा गेल्यावर माहेरी परतली, तेव्हा चंद्रकांता पहिलीत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून किनाऱ्यावर दोन ढीग असायचे, एक आतेचा आणि एक चंदूचा. अकराला शाळेची घंटा व्हायची. दिवस मावळेपर्यंत दोन्ही ढीग दांड्यांवर टांगलेले असायचे.

"माझ्याकडे काय बघता?" काशीआते म्हणाली. "हिच्या भल्यासाठी नव्हतं ते. ही बोंबील टांगायची कशी ठाऊक हाय? अर्धे दांडीवर, अर्धे वाळूत. म्हटलं, जा बाई शाळेत, निदान माल तरी वाचेल."

चंद्रकांताला हसू आलं आणि ते हसू काही नीट येईना. तिने मान खाली घातली आणि समोर पडलेल्या जाळ्याचं एक भोक हातात घेतलं, नुसतं धरायला काहीतरी हवं म्हणून. आतेने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "याला पण लावशील वाट. तुझं काम कर जा. अजून ऊन हाय."

मग चंद्रकांता ओट्यावर बसली आणि निबंध पुन्हा लिहू लागली. घाना राहिलं, सिलोन राहिलं. अनास्थेचं आख्खं पान गेलं. त्या जागी आलेख आला, खाली तिथी, आणि तिथींसाठी ती सारखी अंगणात ओरडून विचारत होती. आते न बघता उत्तरं देत होती. शाळेचे तास आणि सुट्ट्या समुद्र पाहून ठरवल्या, आठवड्याच्या सुट्ट्या साठवून उधाणाला दिल्या, तर शिकवायचे दिवस तेवढेच राहतील आणि बाकं रिकामी राहणार नाहीत, असा एक शेवट तिने लिहिला. वीस डिसेंबरचं काय करावं यावर थोडा वाद झाला. वामनदादाने काकुळतीला येऊन सांगितलं, की सकाळी साहेब यायच्या आत सगळा निबंध नव्याने टाईप करून देतो, स्वतः पालघरला नेऊन टाकतो, पण सदऱ्याचा उल्लेख नको. तेवढं मान्य झालं. शेवटच्या पानावरची हजेरीची ओळही तिने बदलली. काय लिहिलं ते कुणाला वाचून दाखवलं नाही. वामनदादाने टाईप करताना वाचलंच असणार, पण त्यानेही कधी सांगितलं नाही.

पान संपलं तेव्हा तिने बाबांना पुन्हा सगळं ऐकवलं, मराठीत, पहिल्यापासून. ते सुई चालवत ऐकत होते. एकदाच थांबवलं, कार्तिकातल्या उधाणाला "बारीक" म्हटलं होतं तिथे. बारीक होतं, पण माल चांगला होता, एवढं घाल, म्हणाले. तिने घातलं.

मग त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, लेखणी मागून घेतली आणि हमीपत्रावर सही केली. 'कमलाकांत' पुरतं लिहायला त्यांना जाळ्याच्या चार गाठी माराव्या इतका वेळ लागायचा. सहीशेजारी छापलेलं होतं, दिनांक. त्यांनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं, आणि मग तेवढ्याच सावकाश, एकेक काना देत, लिहिलं: माघ शुद्ध दशमी. जागा उरली होती म्हणून पुढे लिहिलं: भांग.

"बाबा, इंग्रजी तारीख हवी होती," वामनदादा कळवळून म्हणाला. "आता खोडलं तर कागद वाया. आणि लंडनला कुणाला कळणार हे?"

चंद्रकांताने शाई वाळेपर्यंत कागद उन्हात धरला. मग घडी करून पाकिटात घातला.

"तेच समजवायला तर चालले हाय," ती म्हणाली.